दोन रक्तखुणा

चहाचा कप आणि डासांचा अहवाल, या दोन गोष्टींशिवाय डॉ. चित्रलेखा मेश्रामची सकाळ सुरू होत नसे. आंबेझरीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णांची रांग लागायच्या आधी ती भिंतीवरचा संगणकाचा पडदा सुरू करायची, आणि आदल्या रात्री परिसरातल्या डासांनी कुणाकुणाचं रक्त प्यायलं ते तिला कळायचं.

मशकपेट्या येऊन आता काही पावसाळे उलटले होते. पेटी दिसायला साधी, चपलांच्या खोक्याएवढी. रक्त पिऊन जड झालेल्या डासाच्या मादीला विसाव्याला अंधारी, ओलसर जागा लागते. पेटी आतून नेमकी तशी केलेली. मादी आत येऊन बसली की एक बारीकसा दट्ट्या तिला चिरडायचा आणि तिच्या पोटातला थेंब एका कागदी पट्टीवर पसरायचा. रक्त गाईचं की माणसाचं, त्यात हिवतापाचा जंतू आहे की डेंग्यूचा, हे पट्टी घटकाभरात सांगायची. आणि रक्त माणसाचं असेल तर तो माणूस कोणता, हेही. केंद्रात तापाची तपासणी करून घेतलेल्या प्रत्येकाची रक्तखूण साठवलेली होती. अंगठ्याचा ठसा असतो, तसा रक्ताचा ठसा.

पूर्वी ताप आलेला माणूस केंद्रात येईपर्यंत त्याच्या शेजारच्या दोन घरांत ताप पोचलेला असायचा. आता माणसाच्या आधी डासच बातमी आणत होता. गेल्या वर्षी तालुक्यात हिवतापानं एकही माणूस दगावला नव्हता, याचा चित्रलेखाला मनातून अभिमान होता.

त्या दिवशी ती कप ओठाला लावणार, तोच पडद्यावरच्या एका ओळीपाशी तिची नजर थांबली. जुना करंजटोला.

जुन्या करंजटोल्यात कुणीही राहत नव्हतं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा सगळं गाव उठून रस्त्याकडच्या नव्या वसाहतीत गेलं होतं. जुन्या गावाचा उंचवटा तेवढा पाण्याबाहेर उरला, चहूबाजूंनी पाणी असलेलं बेटच ते. तिथं या पावसाळ्यात पेटी लावली होती ती मुद्दाम, माणूस नसलेल्या जागी डास कुणावर जगतात हे पाहायला; बेटाच्या पलीकडच्या टोकाच्या झाडाला, डोंग्यातूनच पट्टी बदलता येईल अशी. ती पेटी नेहमी रानडुक्कर, वानर, पाणकोंबडी असं काहीबाही कळवायची. आज तिनं कळवलं होतं: माणूस. आणि पुढं तांबड्या अक्षरांत: फाल्सिपेरम. हिवतापातला सगळ्यात वाईट प्रकार. मेंदूपर्यंत जाणारा.

"पेटी बिघडली मॅडम," दुधराम नान्हे मागून म्हणाला. दुधराम केंद्राचा आरोग्यसेवक. पेट्या लावणं, पट्ट्या बदलणं, गावोगाव फिरणं त्याच्याकडे. पन्नाशीला टेकलेला, बोलायला मवाळ, आणि मूळचा करंजटोल्याचाच. "तेथं आता मानूस कोठून येनार जी?"

"मासे धरायला कुणी थांबलं असेल."

"मासेवाले नाई थांबत तेथं. सापाचं भेव आहे. दिवस मावळला का वापस येते."

"मग एकाच रात्रीत तीन-तीन डासांत माणूस, हे कसं? इतक्या पाण्यावरून डास उडून जात नाही, दुधराम. प्यायलेलं रक्त त्याच्या पोटात फार दिवस टिकतही नाही. म्हणजे माणूस तिथंच आहे." तिनं ओळ उघडली. आत दोन रक्तखुणा होत्या. एक आजारी, एक निरोगी. आणि एका डासाच्या पोटात दोन्ही रक्तं एकत्र सापडली होती.

"असं बी होते?" दुधरामनं विचारलं.

"होतं की. मादी एकाच्या अंगावर बसली, त्यानं झोपेत हात हलवला, ती उडाली आणि उरलेलं पोट शेजारच्यावर भरलं." बोलता बोलता तिलाच ते जाणवलं. "म्हणजे दोघं अगदी जवळ झोपलेले असणार."

दुधराम थोडा अवघडला. "यंत्राले हे बी समजते का बाप्पा," असं पुटपुटत तो खिडकीबाहेर पाहायला लागला.

नियम असा होता की आजारी माणसाचं नाव डॉक्टरला उपचारासाठी उघडता येई. निरोगी रक्ताचं नाव मात्र बंद राही. चित्रलेखाला हा नियम आवडायचा. तिनं पडद्यावर अंगठा ठेवला. आजारी रक्तखुणेमागचं नाव उघडलं: डोमाजी वलथरे, वय अडुसष्ट, नवा करंजटोला.

"डोमाकाका?" दुधराम गर्रकन वळला. "तो तं होळीनंतर रायपूरले गेला, पोरीकडं. माह्या घरापासून चौथं घर त्याचं. कुलूप आहे तेव्हापासून."

"कुलूप असेल. माणूस बेटावर आहे." चित्रलेखा उठली. जंतूंचा आकडा पाहून तिचा चहा तसाच राहिला होता. "आणि फार दिवस काढेल असं दिसत नाही. डोंगा काढा."

पाणी तुडुंब भरलं होतं. दुधराम डोंग्याच्या मागच्या टोकाला मोटरीपाशी बसला, चित्रलेखा औषधांची पेटी मांडीवर घेऊन पुढे. काठावरच्या धानाला लोंब्या धरल्या होत्या. डोंगा खोल पाण्यात आला तसा दुधराम खाली बोट दाखवायला लागला: इथं हनुमानाचं देऊळ, इथं पाटलाची विहीर, इथं आमचं घर. खाली फक्त हिरवट पाणी दिसत होतं. चित्रलेखा तरीही प्रत्येक वेळी वाकून पाहत होती.

"डोमाजींच्या घरी कोण?" तिनं विचारलं.

"बायको गेली त्याले लय वर्षं झाली. पोरगी रायपूरले दिली. पह्यले चांगला मासे धरे. नव्या गावात आल्यावर काईच नाई. दारात खाट टाकून रस्त्याकडं पाहात बसे." त्यानं मोटर जरा हळू केली. "आमच्या घरी येत होता कधीमधी. मायसंग शिंगाडे सोलत बसे. मंग मीच…" वाक्य त्यानं अर्धवट सोडलं.

"तुमची आई कशी आहे? दिसली नाही बऱ्याच दिवसांत. बीपीची गोळी न्यायलाही आली नाही."

"माय बालाघाटले आहे, बहिनीकडं. दर आठवड्याले फोन येते. म्हनते, करमून राहिलं." दुधराम हसला, पण हसू फार टिकलं नाही. "आमाले नाई करमत मॅडम. घर कसं आवाज नसल्यासारखं झालं."

बेटाच्या काठाला आधीच एक लहान डोंगा बांधलेला होता. वर बेशरमाच्या झुडपांतून स्वच्छ पायवाट गेली होती. रोज कुणी जात-येत असल्याशिवाय अशी वाट राहत नाही. चढावर भेंडी आणि वांग्याचे वाफे होते. वाफ्यांना आज सकाळीच पाणी घातलेलं. जुन्या जिल्हा परिषद शाळेची इमारत उंचावर असल्यामुळे वाचली होती. तिच्या व्हरांड्यात बांबूच्या तट्ट्या बांधून खोली केलेली, समोर सारवलेलं अंगण, दोरीवर एक हिरवं लुगडं वाळत होतं.

ते लुगडं पाहून दुधराम जागच्या जागी थबकला.

"काय झालं?" चित्रलेखानं विचारलं.

तेवढ्यात तट्ट्याआडून एक म्हातारी बाई बाहेर आली. हातात ओलं फडकं, पदर कमरेला खोचलेला, डोळे जागरणानं तारवटलेले. तिनं आधी डॉक्टरला पाहिलं, मग दुधरामला. फडक्यातलं पाणी तिच्या पायावर टपटपत राहिलं.

"माय," दुधराम म्हणाला.

पार्बताबाई नान्हेंनी क्षणभर डोळे मिटले. मग उघडले, आणि लेकाला बाजूला सारून सरळ चित्रलेखाचा हात धरला. "डाक्टरबाई, लवकर या. काल संध्याकाळपासून मले वळखत नाई हा मानूस."

"माय, तू येथं…"

"आधी त्याले पाहू दे. मंग मले जे बोलायचं ते बोल."

आत बाजेवर डोमाजी पडलेला होता. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे पिवळे, ओठ फुटलेले. चित्रलेखानं हाक मारली तेव्हा त्यानं पापण्या उघडल्या, पण नजर तिच्यातून आरपार गेली. तो हळूच म्हणाला, "पार्बता, जाळं भिजून राहिलं," आणि पुन्हा ग्लानीत गेला.

तिनं त्याच्या बोटाला सुई टोचली. पट्टीवर थेंब पडला. चहा गाळायला लागतो तेवढ्याच वेळात पट्टीवर रेघ उमटली, काळीभोर. रेघ जितकी गडद, तितके रक्तात जंतू जास्त. इतकी गडद रेघ तिनं नोकरीत क्वचितच पाहिली होती.

"ताप केव्हापासून आहे?"

"पोळा झाला अन् त्याच्या थोड्या दिसानं हा सालेकशाकडच्या जंगलात गेला होता, बांबूले. तेथं झोपला दोन राती. आला, चांगला होता. मंग थंडी वाजून ताप. म्या काढा देल्ला. उतरला, चढला, उतरला, चढला."

"इकडे कुणाला बोलवलं का नाही?"

पार्बताबाईंनी लेकाकडे पाहिलं नाही. "त्यानं शपथ घातली होती. म्हने, मले तिकडं नेलं का तुले मले भेटू नाई देनार कोनी. काल मात्र म्या ठरवलं, शपथ गेली खड्ड्यात. पन मले एकटीले हा डोंग्यापर्यंत उचलत नाई डाक्टरबाई. दोनदा पाह्यलं उचलून. फोनची बॅटरी मेली, अन् याले असं टाकून जाववत नाई."

चित्रलेखानं पेटी उघडली. हिवतापावरच्या आर्टेसुनेटचं पहिलं इंजेक्शन तिनं शिरेतून तिथंच दिलं, मग सलाईन लावून बाटली तट्ट्याच्या बांबूला अडकवली. निम्मी बाटली आत गेल्याशिवाय त्याला पाण्यावरून नेण्यात अर्थ नव्हता. थांबणं भाग होतं. ती डोमाजीच्या नाडीवर बोटं ठेवून बसली. अंगणातलं बोलणं तट्ट्यातून सगळं ऐकू येत होतं. ऐकू नये असं तिला वाटत होतं, आणि उठताही येत नव्हतं.

"बालाघाट?" दुधराम विचारत होता.

"गेली होती ना मी बालाघाटले. दोन रोज राहिली. तुह्या बहिनीले समदं सांगतलं, अन् इकडं आली. फोन येथूनच करतो, वरच्या खडकावर चढून."

"तिले माहीत, अन् मले नाई. मले काहून नाई सांगतलं माय?"

"सांगतलं होतं."

"केव्हा?"

"एक रोज तू जेवत होता. म्या म्हनलं, डोमाजी एकटा जेवते, त्याले आपल्याकडं जेवाले बोलवत जाऊ. तू ताटातून वर बी नाई पाह्यलं. म्हनला, लोक काय म्हनतील. मले वाटलं, जेवनावरच एवढं, तं पुढचं याले काय सांगावं?"

वानरांची एक टोळी शाळेच्या छपरावरून धडधडत गेली.

"माह्या घरी तुले काय कमी होतं?" दुधराम म्हणाला.

"काईच नाई बाबू. सून चांगली, नातवंडं चांगली. दवाई येळेवर, जेवन येळेवर. पन घरात माह्यासंग कोनी बोलत नव्हतं, माह्याबद्दल बोलत होते. आईनं गोळी घेतली का. आईले झोप लागली का. आईचं लुगडं धुतलं का. मी तेथंच बसली राहो. हा मानूस मले रोज सकाळी विचारते, पार्बता, आज जाळं कोन्त्या अंगानं टाकू? मी सांगतो, अन् तो त्याच अंगानं टाकते. मासे गावले नाई तं मले शिव्या घालते." ती थोडी हसली असावी. "या वयात कोनाले आपलं इचारावं वाटते, हे लय मोठं असते रे."

चित्रलेखाची बोटं डोमाजीच्या मनगटावर होती, पण तिला साकोलीला असलेली आपली आई आठवत होती. दर रविवारच्या फोनवर पहिला प्रश्न बीपी किती आलं, दुसरा गोळ्या संपल्या का. तिसरा प्रश्न कधी विचारला होता, हे तिला आठवेना.

"दुधराम," तिनं आतून हाक मारली, "हात लावा. निघायला हवं."

तो आत आला. डोमाजीकडे त्यानं पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग बाजेच्या एका टोकाशी वाकला, आणि वाकता वाकता म्हणाला, "काका, जपून हां. मी उचलतो तुले." डोमाजीला ते ऐकू जाण्यासारखं नव्हतं. दुधरामनं त्याला बाजेसकट नाही, लेकरासारखं दोन्ही हातांवर उचललं. सलाईनची बाटली उंच धरून पार्बताबाई त्याच्या शेजारून चालत उतरली. डोंग्यात डोमाजीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. येताना दुधरामनं पाण्याखालची कुठलीच जागा दाखवली नाही.

तालुक्याच्या रुग्णालयात चित्रलेखानं आधीच फोन केला होता, स्ट्रेचर दारात उभं होतं. डोमाजीला आत नेलं. मग टेबलाशी बसलेल्या नर्सनं मान वर करून विचारलं, "सोबत कोण?"

"आम्ही," दुधराम म्हणाला.

"पेशंटचे कोण लागता तुम्ही?"

पार्बताबाई पदराच्या टोकाशी चाळा करत जमिनीकडे पाहू लागली. नर्स बोटं टेबलावर आपटत होती.

"आमचा मानूस आहे," दुधराम शेवटी म्हणाला. "लिहा, आमचा मानूस."

नर्सनं काय लिहिलं ते चित्रलेखाला दिसलं नाही. पण पार्बताबाईंनी एकदम मान वर केली आणि आपल्या लेकाकडे असं पाहिलं, जणू तो खूप दिवसांनी परगावाहून आला होता.

डोमाजीनं दोन दिवस सगळ्यांना घाबरवलं. लघवी थांबली, श्वास भरून आला, एकदा तर डॉक्टरांनी पार्बताबाईंना आत बोलावून घ्या असं सांगितलं. ती गेली आणि त्याच्या कानाशी वाकून जाळ्याबद्दल, वांग्यांबद्दल, डोंग्याला पडलेल्या भोकाबद्दल बोलत बसली. तिसऱ्या दिवशी पट्टीवरची रेघ फिकी झाली. त्यानंतर एका दुपारी डोमाजीनं डोळे उघडले, बाजूला बसलेल्या दुधरामला पाहिलं आणि घाबरून उठायला लागला.

"पडून राहा काका," दुधराम म्हणाला. "मायनं भाकर आनली. तिच्यात तिखट लय आहे, पन खावी लागते. न खाल्ली तं मले बोलनी बसते."

त्याच आठवड्यात जिल्ह्याहून साहेबांचा फोन आला. साहेब खूश होते. निर्मनुष्य बेटावरचा रुग्ण डासाच्या पोटातून शोधून काढला आणि वाचवला, अशी घटना देशात कुठं घडली नव्हती. ते पुढच्या बैठकीत ती सगळ्यांना सांगणार होते.

"फक्त एक राहिलं," ते म्हणाले. "दुसरी रक्तखूण कुणाची? तुमच्या अहवालात 'तपासणी झाली, निरोगी' एवढंच आहे."

"निरोगी आहे ना सर, म्हणून नाव नाही घातलं. नियमच आहे."

"नियम बदलतोय. पुढच्या हंगामापासून पेट्या घराघरांत लावायच्या आहेत, वळचणीला. आणि निरोगी रक्ताचीही नावं उघडायची. आजारी माणसाजवळ कोण झोपतं, कोण बसतं, हे कळलं तर पुढचा ताप कुठं जाणार ते आधीच कळेल. तुम्हीच सांगा, त्या बेटावर दुसरं माणूसही आजारी पडलं असतं तर?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. चित्रलेखाला तेच तर अवघड वाटत होतं. "सर, एका डासाच्या पोटात दोन रक्तं सापडली की ते केवळ तापाबद्दल राहत नाही. कोण कुणाजवळ झोपतं, ते सगळ्या गावाला कळेल."

"गावाला कशाला? आपल्याला कळेल."

"आपल्यात सगळं गाव येतं, सर. माझ्या केंद्रात पट्ट्या वाचणारा माणूस त्याच गावचा आहे."

साहेब म्हणाले, "नाव लपवून कुणाचं भलं होणार आहे, मॅडम?" आणि विचार करायला सांगून त्यांनी फोन ठेवला. चित्रलेखानं मात्र मनाशी पक्कं केलं. हंगाम संपेपर्यंत तरी पार्बताबाईंचं नाव ती कुणाला कळू देणार नव्हती. एवढं तरी आपल्या हातात आहे, असं तिला वाटलं.

डोमाजीला घरी सोडलं त्या दिवशी ती काठावर गेली. दुधरामनं आपला डोंगा सज्ज ठेवला होता. त्यात दोन नव्या मच्छरदाण्या, तांदळाचं पोतं, आणि त्याच्या बायकोनं दिलेलं लोणचं. डोमाजी काठी टेकत उभा होता, अर्ध्यानं वाळलेला, पण नजर पाण्यावर खिळलेली.

"घरी नाही नेलंत?" चित्रलेखानं दुधरामला हळूच विचारलं.

"म्हनलं दोघायले. माह्या बायकोनं बी म्हनलं. माय म्हनते, येऊ, पन शिंगाडे निघू दे. बेटाच्या मागच्या खोलगटात लावले यांनी. अन् जागा सरकारची म्हनून महसूलवाले आले तं मी बोलीन त्यायच्याशी." तो पाण्याकडे पाहत होता. "वसाहतीत लोक बोलून राहिले मॅडम. बोलू दे. पह्यल्या दिवशी लय लागलं. आता कमी लागते."

पार्बताबाई डोंग्याकडे जाता जाता परत फिरली आणि चित्रलेखापाशी आली.

"डाक्टरबाई, ते पेटीत डोमाजीचं नाव आहे म्हनते दुधराम. खरं आहे?"

"हो. ते आजारी होते म्हणून."

"अन् माहं?"

"तुमचं नाही," चित्रलेखा तिचा हात हातात घेऊन म्हणाली. "काळजी करू नका. तुमचं नाव मी कुठंच घातलं नाही. वरून विचारलं, तरीही नाही दिलं."

आपण हिला मोठा दिलासा देतोय असं तिला वाटलं होतं. पण पार्बताबाईंचा चेहरा उतरला.

"काहून नाई घातलं जी?"

चित्रलेखा गोंधळली. "म्हणजे… लोकांना कळू नये, म्हणून."

"लोकायले तं कळलंच. ते सोडा." पार्बताबाईंनी आवाज खाली आणला. डोमाजीला ऐकू जाऊ नये म्हणून तिनं त्याच्याकडे पाठ केली होती. "राशन कार्डावर मी दुधरामच्या घरात. हा त्याच्या घरात एकटा. देवळात आम्ही गेलो नाई, कचेरीत गेलो नाई; या वयात कोठी हसू करून घ्याचं? आमचं दोघायचं नाव एकाठिकानी लिहून असं या दुनियेत कोठीच नाई डाक्टरबाई. तेथं तरी लिहा. त्याच्या बाजूनं."

ज्या नावासाठी चित्रलेखा साहेबांशी भांडली होती, ते नाव घाला म्हणून त्या नावाची मालकीणच समोर उभी होती.

"घालते," ती म्हणाली.

पार्बताबाईंनी मान हलवली, लुगड्याचा काठ वर धरला आणि ती डोंग्यात चढली. दुधरामनं मोटर सुरू केली. डोमाजी पुढच्या टोकाला बसून हातवारे करत काही सांगत होता. पार्बताबाई त्याला दुसऱ्याच बाजूला बोट दाखवत होती, आणि बराच वाद झाल्यावर डोंगा तिच्या बोटाच्या दिशेनं वळला.

चित्रलेखा काठावरच उभी राहिली. पुढच्या पावसाळ्यात प्रत्येक घराच्या वळचणीला एक पेटी असेल. कुणाची तरी आई मरता मरता वाचेल, कुणाचं तरी लेकरू. आणि कुणी तरी सासरहून पळून येऊन मैत्रिणीच्या घरात दडलेलं असेल, कुणी आपलं दुखणं किंवा आपला जिव्हाळा जपून जगापासून झाकलेला असेल, त्यांच्याही अंगावर डास बसेल. पट्टी जंतू सांगेल, नाव सांगेल, शेजारी कोण झोपलं होतं तेही सांगेल. पण यांतल्या कुणाला पार्बताबाईंसारखं आपलं नाव लिहून हवं आहे, आणि कुणी ते कळू नये म्हणून जीव मुठीत धरून बसलं आहे, हे रक्ताच्या कोणत्या थेंबात पाहायचं?